वाटेतलं कोठार

त्या गावाची माझी पहिली आठवण पांढरी आहे. संगमनेरजवळच्या अकोल्याहून आलेली जीप मला रस्ता संपतो तिथं सोडून परत फिरली होती आणि पुढची वाट मी टपाल घेऊन निघालेल्या माणसाच्या मागून चालत होते. धुकं इतकं होतं की त्याच्या खाकी पिशवीपलीकडं काही दिसत नव्हतं. चालता चालता तो थांबला, म्हणून मीही थांबले. समोर धुक्यात काहीतरी मोठं, काळसर उभं होतं. त्याला पाय होते, पुष्कळ पाय. जमिनीला न टेकता ते जरासं तरंगत असल्यासारखं वाटलं, आणि जवळ गेल्यावर जुन्या भाताचा वास आला, उबदार, थोडा गोडसर.

"कोठार हाय ते, बाई," टपालवाला म्हणाला. "आलं गाव."

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. घर श्रीरामपूरजवळच्या बेलापूरला. आमच्याकडं सगळा मुलूख सपाट. कालवा, ऊस, आणि नजर जाईल तिथपर्यंत आभाळ. डोंगर मी लांबून पाहिले होते, त्यांच्यात राहिले नव्हते. वडील शिक्षक, म्हणून मीही शिक्षिका झाले, आणि पहिलीच नेमणूक या टोकाच्या गावी मिळाली. शाळा म्हणजे दगडी भिंतींच्या दोन खोल्या. एकीत चार वर्ग बसत, दुसरीत मी राहत असे. खिडकीतून खाली बघितलं की कोठार दिसे.

ते पूर्ण लाकडाचं होतं. कमरेएवढ्या उंचीच्या जाड पायांवर उभं, आणि प्रत्येक पायाच्या माथ्यावर ताटासारखी एक चपटी शिळा, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. त्या शिळांवर तुळया, तुळयांवर फळ्यांच्या भिंती, वर कौलं. पुढच्या बाजूला छपराखाली एक लाकडी कप्पी होती. भाताची पाटी दोराला बांधायची, खालून दोघींनी ओढायचं, वर माळ्यावर बसलेलीनं ती खणात रिकामी करायची. वरून भरायचं आणि खालच्या लहानशा झडपेतून काढायचं. आत घरटी एक खण होता. वीस-बावीस घरांचं गाव, वीस-बावीस खण. प्रत्येक घराचं बियाणं आणि थोडंफार पोटाचं धान्य तिथं राही.

किल्ली एका बाईंकडं असे. सगळं गाव त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. चाळिशी उलटलेली, हाडकुळी, कमी बोलणारी बाई. त्यांच्या घरात शेती पुरुष बघत, पण कोठार सासूकडून सुनेकडं येत असे. मावशींना त्यांच्या सासूनं किल्ली दिली होती, सासूला तिच्या सासूनं.

शाळा सुटली की मी कोठाराच्या पायरीवर जाऊन बसे. मला तिथं घरची आठवण कमी येई, का ते सांगता येत नाही. संध्याकाळचं ऊन फळ्यांवर पडलेलं असे आणि लाकूड आतून हळूहळू तापल्यासारखं बारीक बारीक आवाज करी. मावशी सुपात काहीतरी पाखडत असत. अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, "हे कोणी बांधलं, मावशी?"

"गावानं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं एवढंच. पण सुपातलं निवडून झाल्यावर त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"माझ्या सासूच्या सासूच्या वक्ताला एक वरीस लई वाईट गेलं. लोकांनी कंदं खाल्ली, पाला खाल्ला, आन शेवटाला बी खाल्लं. दुसऱ्या वर्षी पानी चांगलं झालं, बाई. लई चांगलं. खाचरं भरली. पन पेरायला दाना न्हाई. सासू सांगायची, पाऊस पडत हुता आन मानसं बांधावर बसून रडत हुती. खाचरात नुसतं गवत वाढलं."

"मग?"

"मग गावानं ठरिवलं, बी घरात ठिवायचं न्हाई. घरात ठिवलं की हात जातोच. समद्यांचं एका जागी ठिवायचं. दर घरानं रानातलं एक ऐनाचं झाड आनलं. ज्या घराचं झाड, त्या झाडाच्या फळ्या त्याच घराच्या खनाला. दोन हिवाळे काम चाललं. ह्या सुताराच्या आज्यानं बांधलं."

हा सुतार म्हणजे गावातले सुतारबाबा. सत्तरीच्या आसपासचे, कानांनी थोडे कमी. त्यांची पाठ वाकली होती, पण हात तरण्या माणसाचे होते. ते अधूनमधून येत, कोठाराभोवती एक फेरी मारत, एखाद्या पायावर थाप मारून कान लावत, आणि परत जात.

पहिलं वर्ष असं गेलं. आज मागं बघताना ते मला एका लांब दुपारसारखं वाटतं, ज्यात मुलांचे पाढे, कप्पीचा कुरकुर आवाज आणि दरीतून वर येणारी वाफ एकमेकांत मिसळून गेली आहेत.

दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. आमच्या डोंगरावर थोडा तरी पडला. खाली संगमनेरकडं आणि त्यापलीकडं त्यानं तोंडच दाखवलं नाही. तो बहात्तरचा दुष्काळ. भात गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. जे हाती आलं त्यातलं बियाण्यापुरतं कोठारात गेलं आणि बाकीचं दिवाळीच्या आतच संपलं. मग सरकारी कामं निघाली. आमच्या गावाला रस्ता मंजूर झाला. ज्या वाटेनं मी टपालवाल्यामागून चालत आले होते, तीच रुंद करून गावापर्यंत न्यायची. सगळं गाव त्या कामावर जाऊ लागलं. पुरुष माती काढत, बायका बसून खडी फोडत. मुलंसुद्धा शाळा सुटली की आईकडं जात. रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर मिळणारं सुकडीचं पीठ यावर दिवस निघत होते. खडीचा आवाज सकाळपासून वर शाळेपर्यंत येई. एका लयीतला, ठक ठक, न थांबणारा. पाढे म्हणताना मुलं नकळत त्या लयीत म्हणू लागली होती.

रस्ता जसजसा वर येऊ लागला, तसतशी पुढं चुन्याची रेघ येऊ लागली. एके सकाळी मी खिडकी उघडली तर ती पांढरी रेघ कोठाराच्या एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडलेली होती.

मी खाली गेले. मावशी रेघेजवळ उभ्या होत्या. कामावरचा ओव्हरसियर, एक तरुण, सभ्य मुलगा, घामेजल्या चेहऱ्यानं त्यांना समजावून सांगत होता.

"एका अंगाला ओढा आहे, दुसऱ्या अंगाला खडक. रस्ता वाकवायला जागाच नाही, मावशी. मी दोनदा मोजून बघितलं."

"आमीच खडी फोडली ह्या रस्त्याची," मावशी म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. त्या नुसतं सांगत होत्या.

"माहीत आहे मला. महिनाअखेरपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं माझ्या हातात नाही."

दोन दिवसांनी मारुतीच्या पारावर गाव बसलं. मला बोलावलं होतं, कारण काही अर्ज लिहायचा झाला तर मीच लिहिणार. सरपंच विचारी माणूस होते. ते म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. इकून टाकू. रस्ता झाला म्हंजी सरकारकडं शिमिटाचं गोदाम मागू. बाईंनी अर्ज करावा."

पुष्कळांनी माना हलवल्या. उपाशी माणसांना वाद घालायचा उत्साह नसतो.

बायकांच्या बाजूनं मावशी बोलल्या. "आन गोदाम हुईस्तवर बी कुठं ठिवायचं? घरात?"

त्या वर्षी घरात बियाणं ठेवणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. डब्यात काही नाही, लेकरू रडतंय आणि कोपऱ्यात कणगी भरलेली आहे.

सुतारबाबा पाराच्या कडेला बसले होते. त्यांना सगळं ऐकू आलं असेल की नाही, कोण जाणे. पण ते म्हणाले, "त्याला खिळा न्हाई."

"काय म्हनता, बाबा?" सरपंचांनी मोठ्यानं विचारलं.

"आज्यानं एक खिळा मारलेला न्हाई. समदं एकामेकांत अडकिवलंय. पाचरी काढल्या की बांधलं तसं सुटंल. वर साळंजवळ सपाटी हाय. तिथं परत हुबं करता यील."

"तुमच्यानं हुईल?"

"माझ्या एकट्याच्यानं न्हाई," बाबा म्हणाले. "गाव आलं तर हुईल."

कोणीतरी म्हणालं, की उभं होईस्तोवर तरी बियाणं कुठं राहणार? आणि मी काही ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या खोलीत ठेवा."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर बायकांनी बियाणं वर आणलं. कणग्या, गोण्या, मडकी, धोतराच्या फडक्यात बांधलेली गाठोडी. काळभात, जिरवेल ही भाताची वाणं, थोडी नागली, वरई. माझ्या खाटेभोवती भिंतीला लागून त्यांची रांग लागली. मावशींनी प्रत्येक कणगीवर शेणमातीचा लेप दिला, वर अंगठ्याचा ठसा उमटवला आणि खोलीच्या दाराला कोठाराचंच कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली.

"ही आता तुमच्याकडं."

पुढचे तीन आठवडे मी साऱ्या गावाच्या येत्या वर्षासोबत राहिले. खोलीत फक्त खाटेपुरती आणि चुलीपुरती जागा उरली होती. वाळल्या भाताचा वास माझ्या कपड्यांना, केसांना, वह्यांना लागला. दुपारी डोळा लागला की मला हिरव्या खाचरांची स्वप्नं पडत, आणि त्यात मी चालत असे, पण पाय भिजत नसत. जागी झाल्यावर काही क्षण कळायचं नाही की बाहेर दुष्काळ आहे. मीही त्या दिवसांत अर्ध्या पोटी होते. पण खोलीतल्या एकाही कणगीकडं खायची वस्तू म्हणून बघावंसं कधी वाटलं नाही. ती माझ्याकडं राहायला आलेली माणसं वाटत.

कोठार उतरवायच्या आदल्या दिवशी मी रिकाम्या कोठारात शिरले. आतून ते मी कधी पाहिलं नव्हतं. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या उभ्या रेघा आत आल्या होत्या आणि त्या रेघांत भुसा तरंगत होता, इतका सावकाश की खाली येतोय की वर जातोय ते समजेना. खणाखणाच्या भिंतींवर कुंकवाची बोटं होती. दर सुगीला भात भरताना त्या घरची बाई एक बोट लावी. कितीतरी वर्षांची बोटं, एकाखाली एक, खालची पार फिकट झालेली. मी भिंतीला पाठ लावून बसले. किती वेळ बसले ते आठवत नाही. बाहेरून खडीचा आवाज येत होता, आणि आत तो पाण्याखालून यावा तसा ऐकू येत होता.

फळ्यांना नंबर द्यायची कल्पना माझी. मला तिचा फार अभिमान वाटला होता. प्रत्येक खणाला एक अक्षर, प्रत्येक फळीला एक आकडा, आणि एका वहीत कोठाराचा आराखडा. चौथीच्या मुलींना हाताशी घेऊन दोन संध्याकाळी मी खडूनं शंभरावर फळ्यांवर क-१, क-२ असं लिहीत गेले. सुतारबाबा लांबून बघत होते. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी धरून पाहिली आणि आदरानं परत दिली.

"चांगलं हाय," ते म्हणाले.

कोठार उतरवायला चार दिवस लागले. बाबा पाचरीवर लाकडी हातोडीनं हलकेच टोला मारत, कान जवळ नेत, पुन्हा एक टोला, आणि पाचर सुटून हातात येई. मग दोघं फळी वर उचलून खाचेतून सरकवत. तुळया वाहायला आठ-आठ माणसं लागली. पाय आणि त्यांच्या माथ्यावरच्या शिळा सगळ्यात शेवटी निघाल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी खाली नुसती मोकळी जागा होती, आणि शाळेजवळच्या सपाटीवर फळ्या थर लावून ठेवलेल्या होत्या. माझे नंबर त्यांच्यावर पांढरेस्वच्छ दिसत होते.

त्या शनिवारी अकोल्याला शिक्षकांची बैठक होती. मी किल्ली मावशींना देऊन गेले आणि रविवारी दुपारी परत आले. सपाटीजवळ आले आणि थांबले. सगळ्या फळ्या काळ्या, तुकतुकीत चमकत होत्या. बायका हातात फडकी घेऊन बसलेल्या. हवेत करंजाच्या तेलाचा कडवट वास होता. एकाही फळीवर एकही आकडा नव्हता.

"आल्या बाई," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा त्या दिवशी खुशीत होता. "म्हनलं, सुटलंच हाय तर तेल पाजून घ्यावं. परत कुठं आतल्या अंगाला हात पोचायचा. कीड लागत न्हाई मंग."

मला काय झालं ते मी अजून स्वतःला नीट समजावू शकत नाही. थकवा असेल, पोटातली भूक असेल. सगळ्या बायकांसमोर मी म्हणाले, "तुम्हाला काही कळतं का, मावशी? नंबर होते त्याच्यावर. आता कोणती फळी कुठली हे कोण सांगणार? सगळं वाया घालवलंत तुम्ही."

मावशींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. पोरीनं आईपुढं आवाज चढवावा तसा मी चढवला होता. त्या उठून घराकडं गेल्या. बाकीच्या बायकाही एकेक करून उठल्या. शेवटी उठलेल्या एका तरण्या बाईनं जाता जाता हळूच सांगितलं, "दिव्याचं तेल हुतं ते, बाई. घरटी थोडं थोडं दिलं समद्यांनी."

मी खोलीत जाऊन कणग्यांमध्ये बसले. त्यांच्याकडं बघायची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सुतारबाबा आले. मी आराखड्याची वही घेऊन बाहेर गेले आणि सगळं सांगितलं. ते फळ्यांच्या थराजवळ उकिडवे बसले, एक फळी उन्हाकडं तिरकी धरली, मग दुसरी. मला वाटलं, तेही रागावले. पण ते मान हलवत होते, समाधानानं.

"हिकडं या. ह्या रेघा बघा."

तेलानं लाकडाच्या आतल्या रेघा वर आल्या होत्या. एरवी धुळीनं, धुरानं काळ्या पडलेल्या फळ्यांवर त्या दिसतच नव्हत्या. आता दिसत होत्या: झाडाच्या वर्षावर्षाच्या रेघा, कुठं गाठीला वळसा घालून जाणाऱ्या, कुठं ओढ्यासारख्या वाकलेल्या. बाबांनी दोन फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीच्या काठावर आलेली रेघ दुसरीच्या काठातून पुढं निघाली होती.

"एका खोडाच्या हायेत. करवतीखाली जशा निघाल्या, तशाच आज्यानं लावल्यात. मला तुळया आन खांब कळत्यात, त्याच्या खुणा माझ्या घरच्या हायेत. पन खनांच्या फळ्या कोनत्या घरच्या, ते मला न्हाई सांगता यायचं."

"मग कोणाला?"

त्यांनी खाली रस्त्याकडं बोट केलं. खडीचा आवाज सुरू झाला होता.

मी शाळेला सुट्टी दिली आणि खाली गेले. मावशी सगळ्यांत टोकाला बसल्या होत्या. माफी कशी मागतात ते मला येत नव्हतं. आमच्या घरात कोणी कोणाची मागत नसे. मी त्यांच्या शेजारी बसले, एक दगड पुढ्यात घेतला आणि बाजूला पडलेली हातोडी उचलली. पाच-सात टोले मारले. दगड फुटेना. मावशी आपलं काम करत राहिल्या. मग न बघता त्यांनी माझ्या पुढ्यातला दगड कूस बदलून ठेवला.

"असा धरा. शिर बघून मारायचं."

पुढच्या टोल्याला तो फुटला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हात फुटत्याल, बाई. खडू धरायचा हाय तुमाला."

"मावशी, फळ्या ओळखायला याल का तुम्ही सगळ्याजणी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "यिऊ की," त्या म्हणाल्या. "त्यात काय."

ओव्हरसियरनं त्या दिवशी बायकांना दुपारनंतर सोडलं. त्या वर आल्या, आणि मग जे झालं ते मी आजवर अनेकांना सांगितलं आहे, पण सांगताना दरवेळी वाटतं की काहीतरी राहून गेलं. बायका फळ्यांच्या थरांमधून फिरू लागल्या. कोणी बोटानं चाचपत होती, कोणी वाकून वास घेत होती. "ही आमची. हितं राकेलची चिमनी कलांडली हुती, डाग बघा." "ही गाठ डोळ्यावानी. ल्हानपनी मला भ्याव वाटायचं, मी सासरी आले तवा बारा वर्सांची हुते." कोणी कुंकवाची बोटं मोजून आपली फळी ओळखली; तेलानं ती थोडी फिसकटली होती, पण लाकडात मुरलेलं कुंकू गेलं नव्हतं. एका बाईनं आपल्या खणाची झडप छातीशी धरली आणि ती नुसतीच उभी राहिली. तिची मुलगी त्याच वर्षी गेली होती, आणि झडपेच्या आतल्या बाजूला तिच्या लहानपणच्या दातांच्या खुणा होत्या. सुतारबाबांनी तिची झडप सगळ्यात आधी बसवली.

एका घराची एक फळी ओळखली, की बाबा रेघा जुळवत, आणि त्या झाडाच्या सगळ्या फळ्या एकामागून एक ओळीनं लागत. मी वही मिटून ठेवली. माझं काम आता फळ्या धरून उभं राहायचं.

पाच-सहा दिवसांनी भिंती उभ्या राहिल्या. शेवटी चार फळ्या उरल्या. कोणीच त्यांना आपल्या म्हणेना. मग मावशींनी सांगितलं, की एक घर बऱ्याच वर्षांपूर्वी खाली साखर कारखान्याच्या कामाला गेलं, श्रीरामपूरकडं, आणि परत आलंच नाही. त्यांचा खण तेव्हापासून रिकामा. त्यांच्या फळ्या ओळखणारं गावात कोणी राहिलं नव्हतं.

"ते यायचे न्हाईत आता," सरपंच म्हणाले. "बाईंना द्या त्यो खन. खाली बाईंच्याच मुलखात गेलेत ते."

सगळे हसले. बऱ्याच महिन्यांनी मी त्या गावाला हसताना बघत होते. चार फळ्या त्या खणाला बसल्या, एक थोडी तोकडी पडली, तिथं बाबांनी पाचर मारली. मी त्या खणात शाळेचा नकाशा, खडूच्या पेट्या आणि मुलांच्या पाट्या ठेवल्या.

बियाणं परत कोठारात नेताना मावशींनी प्रत्येक कणगीवरचा ठसा बघितला. एकही मोडलेला नव्हता. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. माझी खोली एकदम मोठी आणि पोकळ वाटू लागली, आणि कितीतरी दिवस मला तिथं नीट झोप आली नाही.

रस्ता चुन्याच्या रेघेवरून सरळ वर आला. पहिली जीप आली तेव्हा मुलं वर्गातून उठून पळाली, मीही गेले. त्या पावसाळ्यात पाणी वेळेवर झालं. खणाखणातून बियाणं निघालं, पालापाचोळा जाळून केलेल्या राबाच्या वाफ्यांत पेरलं गेलं, आणि श्रावणात माझ्या खिडकीखाली सगळी खाचरं हिरवी होती. सुगीनंतर कप्पी पुन्हा कुरकुरू लागली. प्रत्येक घरानं आपला खण भरताना एकेक ओंजळ माझ्या खणात टाकली, पाट्यांच्या शेजारी. मी नको म्हणाले. मावशी म्हणाल्या, "खन रिकामा ठिवत न्हाईत."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. मग लग्न, मुलं, दुसऱ्या शाळा. मावशी गेल्याचं मला उशिरा कळलं, सुतारबाबांचं तर कोणी कळवलंच नाही. सिमेंटचं गोदामही पुढं झालं म्हणे, पण गाव त्यात खताच्या गोण्या ठेवतं.

निवृत्त झाल्यावर एकदा अकोल्यात एका लग्नाला गेले होते, तर तशीच वर गेले. आता जीप थेट शाळेपर्यंत जाते. कोठार तिथंच होतं. कौलांच्या जागी पत्रे आले होते, दोन पायांना लोखंडी पट्ट्या होत्या, फळ्या अजून काळ्या, तेलकट. एक तरुण बाई झडप उघडून भात काढत होती. कमरेला किल्ली होती. मी कोण, कुठली, ते तिनं विचारलं नाही. तिनं आधी पाणी दिलं.

"जुनं आहे हे?" मी विचारलं.

"लई जुनं. आमच्या सासूच्या बी आदीचं. बाहेरगावची मानसं येत्यात फोटो काढायला."

"पहिल्यापासून इथंच आहे?"

"मंग? पयल्यापास्नं हितंच हाय," ती म्हणाली. "ह्याला हात कोन लावनार?"

खाली वळणावर रस्ता दिसत होता, आणि जिथं पूर्वी कोठार होतं तिथून एक मोटरसायकल गेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं, पण तिच्या बोलण्यात जी खात्री होती ती मला इतकी आवडली, की मोडवेना.

मी शाळेत शिकवत होते एवढंच म्हणाले. त्यावर तिचा चेहरा उजळला. तिनं चहा टाकला आणि आतून पोरीला हाक मारली. पोरगी तिसरीत होती, भागाकारात कच्ची. बाकी उरली की ती घाबरायची. मी तिला वही आणायला सांगितली. कोठाराच्या पायरीवर आम्ही दोघी बसलो, आणि परतीची जीप येईपर्यंत आमची तीन उदाहरणं झाली. तिसरं तिनं माझ्या मदतीशिवाय सोडवलं.